चार लाख व्ह्यूज आणि एकतीस फोन

दिनांक: 9 जून 2025

प्रति,
व्यवस्थापक,
डिजिटल जाहिरात कंपनी, कोल्हापूर

विषय: शॉर्ट्सच्या व्ह्यूजची मोजणी आणि 24,720 रुपयांचं बिल

महोदय,

मंगळवार पेठेत माझं चटणी कांडपाचं दुकान आहे. तयार कांदा-लसूण चटणीही आम्ही घरपोच पाठवतो. 10 मार्च 2025 ला आपल्याशी करार झाला: एप्रिल-मेमध्ये आमच्या यूट्यूब चॅनेलसाठी सहा शॉर्ट्स करायचे, दर हजार व्ह्यूजला 60 रुपये. 10,000 रुपये अ‍ॅडव्हान्स त्याच दिवशी दिले. आपल्याकडं वर्षाची चटणी उन्हाळ्यातच होते, वळीव सुरू झाला की आमचं गिऱ्हाईक संपलं, म्हणून एवढी घाई केली.

मेअखेर बिल आलं. 4,12,000 व्ह्यूजचे 24,720, अ‍ॅडव्हान्स वजा जाता 14,720 भरा. आकडा बघून आधी मी खूश झाले, खोटं कशाला बोलू? मग ऑर्डरीची वही काढली. व्हिडिओ बघून आलेले फोन दोन महिन्यांत 31. फेब्रुवारीत भाच्यानं मोबाइलवर असाच एक व्हिडिओ काढला होता, त्याला जेमतेम नऊ हजार व्ह्यूज होते आणि फोन आले होते 40.

याचं उत्तर मला दुकानातच सापडलं. आईबरोबर मिरची घेऊन आलेला एक पोरगा नंबर यायची वाट बघत बाकावर मोबाइल चाळत बसला होता. त्याच्या मोबाइलवर आमचाच शॉर्ट आला. मिरची कांडायचा डंक वर उचलला गेला, ब्याडगीवर पडायच्या आत पोराच्या अंगठ्यानं व्हिडिओ वर सरकवला. समोर डंक धडधडतोय, दुकानाची मालकीण उभी आहे, तरी त्याच्या ध्यानातही आलं नाही. संध्याकाळी भाच्याला विचारलं, हा एक व्ह्यू धरला असेल का? तो म्हणाला, धरला असणार.

त्यानं दाखवलं ते असं. पूर्वी शॉर्ट ठराविक सेकंद बघितला गेला तरच यूट्यूब व्ह्यू मोजायचं. 31 मार्च 2025 पासून, म्हणजे पाडव्याच्या दुसऱ्याच दिवसापासून, शॉर्ट सुरू झाला की व्ह्यू धरतात. किमान वेळेची अटच नाही. संपून परत पहिल्यापासून चालू झाला की आणखी एक. आमचा शॉर्ट 14 सेकंदांचा. कुणी मोबाइल तसाच ठेवून भाकरी थापायला गेलं तर मिनिटात चार व्ह्यूज, आणि बघणारं कोण, तर कट्ट्यावरचा पिठाचा डबा!

जुना आकडा यूट्यूबनं पुसलेला नाही. ‘एंगेज्ड व्ह्यूज’ या नावानं तो अ‍ॅनालिटिक्सच्या, म्हणजे चॅनेलच्या आकडेवारीच्या, अ‍ॅडव्हान्स्ड मोडमध्ये दिसतो. चॅनेल माझं आहे, त्यामुळं मी तो बघू शकते. आपल्या सहा शॉर्ट्सचे एंगेज्ड व्ह्यूज 1,31,000 आहेत. स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे.

हे घेऊन मी आपल्या ऑफिसात आले, तेव्हा तिथला मुलगा म्हणाला, “काकी, व्ह्यू म्हणजे व्ह्यू. नियम यूट्यूबनं बदललाय, आम्ही न्हाई.” मान्य, आपण बदलला नाही. पण यूट्यूब स्वतः चॅनेलवाल्यांना शॉर्ट्सचे पैसे देताना काय धरतं? एंगेज्ड व्ह्यूजच. नवा मोठा आकडा दाखवायला, पैसे मोजायला जुनाच. मग माझ्याकडून पैसे घेताना आपण मोठा आकडा कसा धरता?

करार 10 मार्चचा आहे. त्या दिवशी व्ह्यू या शब्दाचा जो अर्थ होता, त्यालाच मी 60 रुपये कबूल केले. मी किलोचा भाव ठरवायचा आणि मधेच किलो सातशे ग्रॅमचा करून पूर्ण पैसे मागायचे, असं केलं तर पेठेतल्या बायका माझ्या दारात उभ्या राहतील. आमच्या काट्यावर वजनमापेवाल्यांचा शिक्का असतो. मापात पाप इथं कुणी खपवून घेत नाही. आणि हा बदल आपल्याला ठाऊक नव्हता असं म्हणू नका, आपला धंदाच तो आहे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एक फोन केला असता तर दर नव्यानं ठरवता आला असता. उलट त्याच आठवड्यात “काकी, व्हिडिओ तुफान चाललाय” असा आपला मेसेज आला होता. तोही जपून ठेवला आहे.

माझा हिशोब सरळ आहे. 1,31,000 व्ह्यूजचे 60 रुपये हजारी दरानं 7,860 होतात. मी 10,000 दिले आहेत. म्हणजे माझी बाकी नाही, आपल्याकडून मला 2,140 रुपये यायचे आहेत. पंधरा दिवसांत ते परत करावेत आणि दुरुस्त बिल लेखी द्यावं. नाहीतर मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार आहे.

चित्रीकरणाबद्दल माझी तक्रार नाही, काम नीटनेटकं होतं. फक्त लवंगी मिरचीच्या फोडणीवर पियानो कशाला लावला, ते मला अजून कळलेलं नाही.

शेवटचं: चॅनेलचा आपल्याला दिलेला अ‍ॅक्सेस मी आजपासून काढते आहे. मूळ चित्रीकरण मात्र डिलीट करू नका, पेनड्राइव्हवर द्या. त्यात कांदा परततानाचे जे हात दिसतात ते माझ्या सासूबाईंचे आहेत, आणि त्यांना तो व्हिडिओ टीव्हीवर मोठा करून बघायचा आहे.

आपली ग्राहक,
चटणी कांडप दुकान,
मंगळवार पेठ, कोल्हापूर

सोबत: कराराची प्रत, बिलाची प्रत, अ‍ॅनालिटिक्सचा स्क्रीनशॉट