तयार बिळे कोणी तयार केली?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला जिओकॅशिंगवरचा लेख वाचला. एकाने डबी लपवायची आणि इतरांनी मोबाइलवर मिळणाऱ्या उपग्रह-स्थानावरून ती शोधायची, अशा या खेळाची ओळख करून दिलीत त्याबद्दल आभार मानतो. परंतु डबी कुठे लपवावी हे सांगताना आपल्या लेखकाने नदीकाठ, झाडांच्या ढोल्या, जुन्या भिंतींतली भोके आणि जमिनीतली ‘तयार बिळे’ अशी जी यादी मोठ्या उत्साहाने दिली आहे, ती बडोद्यात राहणाऱ्या माणसाने लिहिली असेल यावर माझा विश्वास बसत नाही. विश्वामित्री नदीच्या काठावरची बिळे मगरींनी तयार केलेली असतात, हे इथले शाळकरी पोरही सांगेल.

मी हे ऐकीव माहितीवर लिहीत नाही. गेल्या मे महिन्यात पुण्याहून सुटीला आलेल्या माझ्या नातवाने मोबाइलवर अशीच एक डबी हेरली. (या डबीला खेळात ‘कॅश’ म्हणतात; ‘कॅश शोधायला चाललो’ असे त्याने सांगितल्यावर आमच्या सौभाग्यवतींनी आधी माझे पाकीट कपाटात ठेवून घेतले, ते असो.) डबीच्या नोंदीत वाटेच्या अवघडपणाची श्रेणी १.५ दिली होती. ही श्रेणी १ ते ५ असते आणि १ म्हणजे चाकाच्या खुर्चीवरूनही पोहोचता येईल अशी जागा, हे नातवानेच मला समजावले, म्हणून अडुसष्टाव्या वर्षी मीही साध्या चपला घालून त्याच्याबरोबर निघालो. प्रत्यक्षात एका पुलाच्या अंगाने, बाभळीचे काटे चुकवत, भुसभुशीत उतारावरून बसत-घसरत खाली जावे लागले. उपग्रहावरून मिळणाऱ्या स्थानात काही मीटरचा फरक पडतोच, त्यामुळे मोबाइलवरचा बाण ‘चार मीटर’ म्हणत जागच्या जागी गोल फिरत राहिला. लपवणाऱ्याने दिलेली खूण एवढीच होती: ‘अंधाराला घाबरू नका, हात घाला.’ समोर दोन बिळे होती. त्यांतल्या एकाच्या तोंडाशी चिखल घासून गुळगुळीत झाला होता आणि त्यावरून पाण्यापर्यंत काहीतरी जड ओढत नेल्यासारखी घळ पडली होती. नातू गुडघ्यांवर बसून बाही सारत होता. मी त्याची कॉलर धरून त्याला वर ओढला, त्याबद्दल तो संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलला नाही. डबी कोणत्या बिळात होती हे मला आजही ठाऊक नाही.

मगर काठाच्या मातीत बिळे खणून राहते. मादी उन्हाळ्याच्या सुमारास काठावरच अंडी घालते, त्यांच्या आसपास राखणीला असते, आणि पिल्ले पावसाळ्याच्या तोंडावर बाहेर येतात. म्हणजे मुलांच्या सुट्या आणि मगरीची राखण एकाच वेळी! नातवाने लपवणाऱ्या महाशयांना हे कळवले, तेव्हा ‘थोडे साहस नको का?’ असे उत्तर आले. साहस जरूर असावे, पण मग श्रेणी १.५ कशाला लिहिली, हे त्यांनी सांगितले नाही.

आपल्या लेखकाने या खेळाचे स्वतःचे नियम तरी वाचायला हवे होते. ३ मे २००० रोजी अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात ठेवलेली पहिली ‘कॅश’ ही अर्धवट पुरलेली बादली होती आणि तिच्यात खाद्यपदार्थाचा एक डबाही होता. आज तोच खेळ परवानगीशिवाय जमीन खणू देत नाही आणि जनावरे येतात म्हणून खाण्याचे काहीही ठेवू देत नाही. जागामालकाची संमती लागते. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर लागते. डबीवर ती कसली आहे हे लिहावे, शक्यतो ती पारदर्शक असावी, असेही सांगतात, आणि त्याला कारण आहे: इंग्लंडमधील वेदरबी गावी २०११ मध्ये अशीच एक निरुपद्रवी डबी संशयावरून बॉम्बशोधक पथकाने उडवून दिली. आपल्याकडे पुलाखाली तारेने बांधलेला काळा डबा दिसला तर काय गोंधळ होईल, याची कल्पना आपण करू शकता. जुन्या भिंतींबद्दल तर बोलायलाच नको. तांबेकर वाड्यासारख्या संरक्षित वास्तूची एक वीट कोणी डबीसाठी सैल केली, तर ते खेळात मोजले जाणार नाही, प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात मोजले जाईल.

डबी नजरेला सापडू नये, पण सापडल्यावर हाताला सहज मिळावी, इतकी साधी गोष्ट आहे. पायवाटेवरून न उतरता गाठता येणारी आडवी फांदी, ओळखीच्या दुकानदाराने आनंदाने दिलेला फळीचा कोपरा, किंवा स्वतःच्याच फाटकाची आतली बाजू का सुचू नये? कमाठीबागेत परवानगी काढून ठेवता येईल. मात्र आपल्या लेखात तिला तीन वेळा ‘सयाजी गार्डन’ म्हटले आहे. मराठी वर्तमानपत्राने निदान कमाठीबाग तरी मराठीत राहू द्यावी, ही विनंती.

नातू दिवाळीत पुन्हा येणार आहे आणि त्याने आपला लेख कापून ठेवायला सांगितले आहे. तेव्हा बिळांबद्दलची दुरुस्ती त्याआधी छापावी, आणि ती मागच्या वेळेसारखी शेवटून दुसऱ्या पानावर, राशिभविष्याच्या खाली नसावी.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
दांडिया बाजार, बडोदे