गणपतीच्या मांडवात हयातीचे दाखलेही काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी उभी हयात मोल्डिंग, म्हणजे ओतकामाचे वाळूचे साचे करायचं काम केलं. वाळू दाबून दाबून बोटांच्या रेषाच झिजल्या. त्यामुळं पेन्शनीसाठी हयातीचा दाखला द्यायची वेळ आली की बँकेतलं मशीन माझा अंगठा काही घेत नसे. हात धुऊन या, कोरडा करा, दुसरं बोट ठेवा. मागं रांग खोळंबलेली, त्यात काउंटरवरची मुलगी तरी काय करणार? माझ्याबरोबरच्या, ओतीव माल घासणाऱ्या फेटलरांची, भट्टीवाल्यांची हीच तऱ्हा.

गेल्या खेपेला भाचीनं हे काम घरी, मोबाईलवर चेहरा दाखवून केलं. ही सोय २०२१ पासून आहे म्हणे. आम्हाला कुणी सांगायला नको? तिनं मला खिडकीकडं तोंड करून बसवलं, चष्मा काढायला लावला आणि म्हणाली, "मामा, आता पापण्या मिटा-उघडा." पहिल्यांदा झालं नाही, कारण मी फोनकडं बघायचं सोडून तिच्याकडं बघत होतो. मग झालं. थोड्या वेळानं प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या नंबराचा मेसेज आला. अंगठ्याचं नावसुद्धा निघालं नाही.

पण भाची सगळ्यांना नसते. त्यासाठी आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण अशी दोन ॲप लागतात आणि फोनही बऱ्यापैकी ताकदीचा लागतो. आमच्या वयाच्या माणसाकडं एक तर बटणाचा फोन, नाही तर नातवानं टाकून दिलेला. तरी यात एक चांगली गोष्ट आहे. ऑपरेटर म्हणून एकानं आपला आधार आणि चेहरा दिला, की त्याच फोनवर बाकीच्यांचेही दाखले निघतात. म्हणजे अख्ख्या गल्लीला एक फोन आणि एक जाणता पोरगा पुरे.

पोरं आमच्या पेठांत कमी आहेत का? २०१९ च्या महापुरात याच तालमी-मंडळांच्या पोरांनी माणसं बाहेर काढली, घरोघरी जेवण पोचवलं. त्यांनी गणपतीच्या मांडवात दुपारच्या वेळी एक टेबल मांडावं. दुपारी तसाही मांडव ओस असतो आणि डॉल्बी बंद असते, तेवढाच आमच्या कानांना आराम. नोव्हेंबरची वाट बघायचं कारण नाही. ईपीएस-९५ वाल्यांना, म्हणजे आमच्यासारख्या पीएफच्या पेन्शनरांना वर्षात कधीही दाखला देता येतो आणि तो दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो. सरकारी पेन्शनरांचं मात्र नोव्हेंबरातच असतं, ८० च्या पुढच्यांना ऑक्टोबरपासून मुभा आहे. त्यांच्यासाठी दिवाळीनंतर पुन्हा टेबल मांडावं लागेल.

येताना आधार कार्ड, पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशावरचा), बँकेचं पासबुक आणि ज्यावर ओटीपी येतो तो मोबाईल एवढं आणलं की झालं. अंथरुणावर आहेत त्यांच्या घरी फोन घेऊन पोरांनी जावं. पोस्टमनही घरी येऊन हे काम करतो, पण ते किती जणांना माहीत आहे?

एक धास्ती आहे, ती सांगतोच. "तुमचा दाखला संपलाय, पेन्शन बंद होईल, ओटीपी सांगा" असले फोन पेन्शनरांना येतात. घाबरून नंबर सांगितला की खातं रिकामं. म्हणून ओळखीच्या पोरासमोर, मांडवात बसून काय ते करावं. फोनवर कुणालाही काही सांगू नये.

बँका आणि पेन्शन कार्यालयांना एवढंच मागणं आहे, की कागदावरचा दाखला घेणं बंद करू नये. गगनबावड्याकडच्या वाड्यांत रेंज कधी असते, कधी नसते. तिथल्या म्हाताऱ्यानं फोन हातात धरून डोंगर चढायचा का?

आमच्या तालमीच्या अध्यक्षांना मी विचारलंय. टेबल देतो म्हणाले, खुर्च्या मात्र तुम्ही आणा.

आपला,
एक निवृत्त मोल्डर,
शिवाजी पेठ, कोल्हापूर