पाटा धुऊ नकोस

पुणे
१४ जून

प्रिय सुमे,

तुझं पत्र मिळालं. वाड्यातलं सामान काढताना आजींचा पाटा सापडला आणि आता तो सोड्याने घासून लख्ख करणार म्हणतेस, म्हणून घाईघाईने लिहायला बसले. बाई गं, जरा थांब. कारण सांगायला मला पार दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशापर्यंत जावं लागेल, पण तुला माझी सवय आहेच.

दक्षिण पेरूत कोताहुआसी खोऱ्याजवळ, ३,६२५ मीटर उंचीवर, वायनूना नावाचं ठिकाण आहे. तिथे सुमारे ४,००० वर्षांपूर्वीचं एक घर खणून काढलं. त्यात दळायचे दगड निघाले आणि त्यांच्या बारीक खाचांत स्टार्चचे कण अजून अडकून बसलेले! लिंडा पेरी या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि २००६ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. मका होता, बटाटा होता, आणि आरारूट! आरारूटला लागते उष्ण, दमट हवा. त्या थंडगार डोंगरावर ते उगवणार कुठून? म्हणजे कुणीतरी ते खालच्या जंगलाच्या मुलखातून चढवून आणलं होतं. चार हजार वर्षांपूर्वीची ही ने-आण कळली कशावरून, तर पाट्याच्या भेगेतल्या मळावरून.

कॉलेजात बटाटा खरवडून काचपट्टीवर आयोडीनचा थेंब टाकायचो, आठवतं? लांबट, शिंपल्यासारख्या वळ्यांचे कण. मक्याचे त्यामानाने लहान आणि कोनेदार. ध्रुवित प्रकाशात दोन्हींवर फुली उमटते. शिजवलं की कण फुगून ओळख पुसली जाते, पण कच्चं वाटलेलं दगडात राहून जातं. आणि गंमत म्हणजे खोदकामातून निघालेले असे दगड कुंचल्याने घासून धुवायचीच वर्षानुवर्षं रीत होती. किती जेवणं मोरीत गेली असतील देव जाणे! आता तर हातमोजेसुद्धा बिनपावडरचे घालतात, कारण त्या पावडरीत मक्याचाच स्टार्च असायचा.

तिकडचा पाटा आपल्यासारखा नाही. स्पॅनिशमध्ये त्याला बतान म्हणतात, केचुआ या तिथल्या मूळ लोकांच्या भाषेत मारान. खाली मोठा सपाट दगड, वर अर्धचंद्रासारखा जड दगड. तो दोन्ही हातांनी धरून या टोकावरून त्या टोकावर डुलवायचा, पाळणा हलवावा तसा. वजनच काम करतं. वरवंटा पुढेमागे रेटून आपलं कंबरडं मोडायचं; खरं सांगू, मला त्यांचीच युक्ती शहाणपणाची वाटली. बोलिव्हियात अजूनही टोमॅटो आणि तिखटजाळ लोकोतो मिरचीचा ठेचा त्यावर वाटतात. मिक्सरमधला ठेचा आवडत नाही म्हणणारे तिकडेही आहेतच.

सगळ्यात मजा किनवा या तिकडच्या धान्याची. दाण्यावर सॅपोनिनचा कडू थर असतो, आपल्या रिठ्यात असतं तेच, म्हणून धुताना फेस येतो. दक्षिण बोलिव्हियात लिपेसकडे आधी दाणे भाजतात, मग दगडी खळग्यात पांढरी माती मिसळून अनवाणी पायांनी तुडवतात. त्या खळग्याला सारुना म्हणतात. केचुआत 'सारुय' म्हणजे तुडवणं. मग पाखडायचं, धुवायचं. ही सगळी उठाठेव मूठभर दाण्यांसाठी! आपण पाकीट फोडतो आणि महाग आहे म्हणून कुरकुरतो.

आपल्याकडे पाऊस सुरू होतोय, तिकडे याच महिन्यात चुन्यो, म्हणजे गोठवून वाळवलेले बटाटे, करायचे दिवस. कडू बटाटे रात्री उघड्यावर गोठवायचे, दिवसा उन्हात बर्फ वितळून मऊ पडले की पायांनी तुडवून पाणी काढायचं. नीट वाळले की वर्षानुवर्षं टिकतात. टिटिकाका सरोवराच्या परिसरातल्या हिस्काइरुमोको या जुन्या वस्तीतल्या दळायच्या दगडांवरही बटाट्याचा स्टार्च सापडलाय.

आजींच्या पाट्यावर कुणी संशोधन करणार नाही, हे मला कळतं. तरी टाकीचे घाव असलेली बाजू कोरड्या कुंच्याने नुसती झाड आणि गोणपाटात गुंडाळून ठेव. वरवंटा सापडला का, ते लिहिलं नाहीस. कोळशाच्या खोलीत बघ, आजी तो दाराला टेकू म्हणून लावायच्या.

आषाढीला येतेय. बटाट्याची भाजी, दाण्याची आमटी, हिरवी मिरची. तेव्हा उपवासाच्या ताटातलं काय काय त्या खंडातून आलंय, ते तुझ्या सासूबाईंसमोर मी बोलणार नाही, शपथ.

तुझी,
शैला