तुझ्या काकू गप्प झाल्यात

टाम्पेरे, फिनलंड,
२२ फेब्रुवारी

प्रिय दिल्या,

फोनच करणार होतो. पण फोनवर तू नुसता 'हं' म्हणतोस, आणि मला कळत नाही की ऐकून राहिला की गिऱ्हाइकाला सुटे मोजून देऊन राहिला. शिवाय आई घरातच असते आणि तिचे कान तुला माहीत आहेत. आत्ता ती झोपली आहे, म्हणून हे पत्र. माझं बीपी गोळीवर ठीक, शुभाचा खांदा होता तसाच. झालं.

विषय आईचा आहे. आई बोलत नाही.

हसू नकोस बे. मी आपल्या आईबद्दलच बोलतोय. नागपूर ते वर्धा एवढ्याशा प्रवासात समोरच्या बाईच्या भाच्याची सोयरीक जुळवणारी बाई. तू एकदा तिला 'काकू, जरा श्वास घ्या' म्हणालास आणि पुढे महिनाभर तुला आमच्याकडे पोहे मिळाले, पण तर्री मिळाली नाही. तीच.

जानेवारीत आली तेव्हा ठणठणीत होती. बाहेर उणे बावीस. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं आणि नाक चोळत म्हणाली, "अगं बाई, नाकात काहीतरी कुरकुरतंय." नाकातले केस गोठतात, त्याचं ते. इथले लोक म्हणतात, हवा वाईट नसतेच, कपडे चुकलेले असतात. आईनं ते मनावर घेतलं आणि साडीच्या आत माझी थर्मल पँट घातली. आपण मे महिन्यात खिशात कांदा घेऊन हिंडायचो, तसा इथे प्रत्येकाच्या कोटाला दोरीनं एक रिफ्लेक्टर लोंबतो. अंधारात चालताना तो लावायचा हे कायद्यातच आहे, आणि डिसेंबरात तर सूर्य साडेनऊनंतर उगवून तीनच्या सुमारास घरी जातो. आईचा रिफ्लेक्टर घुबडाच्या आकाराचा आहे. नातवानं दिला म्हणून निमूट लावते, नाहीतर घुबड म्हटल्यावर तिनं काय केलं असतं ते तू जाणतोस.

पहिल्या आठवड्यात तिनं गावाला घाम फोडला. ट्राममध्ये इथली रीत अशी, की प्रत्येकानं एकेक बाक धरायचा आणि शेजारची जागा पिशवीनं अडवायची. अर्धा डबा रिकामा असताना आई सरळ जाऊन एका कॉलेजच्या पोराशेजारी बसली. पोरगा काचेला चिकटला. तिनं पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढून त्याच्या हातावर ठेवला. खाल्ला बिचाऱ्यानं. हळूच 'कीतोस' म्हणाला आणि पुढच्या स्टॉपवर उतरला. तो त्याचा स्टॉप नसावा. दुसऱ्या दिवशी समोरच्या बाल्कनीत बाबागाडी आणि तिच्यात झोपलेलं बाळ दिसलं, तर शुभाला म्हणाली, पोलिसांना फोन लाव. इथे उणे दहापर्यंत लेकरं अशीच बाहेर झोपवतात, छान झोप लागते म्हणे. आईला हे काही पटलं नाही, पण रोज खिडकीतून त्या बाळाची हजेरी मात्र घ्यायची.

आणि तळमजल्यावरच्या आजी. वय ऐंशीच्या पुढे. या भागातल्या बायका 'हो' म्हणताना कधीकधी श्वास आत ओढतात, 'यो' असं. शुभानं ओळख करून दिली तेव्हा आजींनी दोनतीनदा तसं केलं, तर आई मला मराठीत म्हणाली, "यांना दमा आहे का रे? सुंठेचा काढा दे म्हणावं."

तर अशी आई. आता खरं काय झालं ते सांगतो.

जानेवारी संपता संपता एका सकाळी आमच्या आवारातला झेंडा अर्ध्यावर होता. सोसायटीतलं कोणी गेलं की इथे तसा उतरवतात. नावाची पाटी नाही, फलकावर सूचना नाही. बाजूच्या जिन्यातले एक गृहस्थ गेले होते. आईनं विचारलं, "मग भेटायला कोणी जात नाही?" म्हटलं, नाही. लोक येताजाता वर बघतात, कळतं त्यांना, तेवढंच. तिनं कोट घातला, बूट घातले, खाली गेली आणि झेंड्याखाली उभी राहिली. मी खिडकीतून बघत होतो. तळमजल्यावरच्या आजी कुठूनशा आल्या, तिच्यापासून पाचसहा हातांवर उभ्या राहिल्या. दोघी एकमेकींकडे न बघता, चांगल्या वीस मिनिटं. उणे चौदामध्ये! वर आली तेव्हा पापण्यांवर बर्फ. चहा केला, प्यायली, आणि म्हणाली, "इथे कोणी विचारत नाही रे, कसं झालं म्हणून."

तेव्हापासून गप्प.

बाबा गेले तेव्हाच्या त्या तेरा दिवसांत तू तिथेच होतास. मला आठवतं ते दारातला चपलांचा ढीग आणि प्रत्येक नव्या माणसाचं तेच, "कसं झालं हो?" आणि आई पुन्हा पहिल्यापासून: सकाळी चहा घेतला, पेपर वाचला, म्हणाले छातीत जरा जडजड वाटतं... खालच्या पानवाल्यालासुद्धा तिनं सगळं सांगितलं. मला वाटायचं, तिला बोलून मोकळं व्हायचं असेल. सगळे तसंच म्हणत होते, बोलू द्या तिला, आत साठायला नको.

आता ती दोनदोन तास खिडकीशी बसते. जेवते नीट. झोपतेही. विचारलं तर "काही नाही रे, बरं वाटतं इथे." माझी पंचाईत कळते का तुला? नागपुरात ती अशी बसली असती तर सगळ्या गल्लीनं तिला डॉक्टरकडे नेलं असतं. इथे सगळे असेच बसतात. या देशात धडधाकट माणूस कोणता आणि आतून खचलेला कोणता, हे ओळखायचं कसं? ऑफिसात एकाला विचारलं. तो कुओपियोचा, म्हणजे सावो प्रांताचा, आणि सावोच्या लोकांबद्दल बाकीचे म्हणतात की त्यानं तोंड उघडलं की अर्थाची जबाबदारी ऐकणाऱ्यावर. त्यानं बराच वेळ कॉफी ढवळली आणि म्हणाला, "बरी असेलही. नसेलही." पुण्याचा असता तर निदान दोन शब्द ऐकवले तरी असते. इथे कॉफीची सुट्टी कामगार करारात लिहिलेली असते, आणि तिच्यात एवढंच उत्तर मिळतं.

मग मी तिला हसवायला निघालो. हे लोक स्वतःवर विनोद बरे करतात. पहिला सांगितला: दोन मित्र सॉनात, म्हणजे इथल्या गरम वाफेच्या खोलीत, बसून झाल्यावर दारू प्यायला बसतात. तासाभरानं एक म्हणतो, चिअर्स. दुसरा म्हणतो, आपण प्यायला आलोय की बडबडायला? आई नुसतं "हं." (तुझी आठवण झाली.) मग दुसरा: एका फिनिश माणसाचं बायकोवर इतकं प्रेम होतं, इतकं प्रेम होतं, की एकदा तो तिला सांगणारच होता. दिल्या, आई हसली रे. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग म्हणाली, "हे तर तुझ्या बाबांचंच झालं," आणि भांडी घासायला गेली. भांड्यांना मशीन आहे.

आणि काल तर कहरच.

आमच्या इमारतीच्या तळघरात सॉना आहे. पंचावन्न लाखांचा देश आणि सॉना तीसेक लाख, त्यामुळे ते असणारच. युनेस्कोनं २०२० साली त्याची वारसा म्हणून नोंद केली, हे आईला सांगितलं तर म्हणाली, "घाम काढायला युनेस्को कशाला? वैशाखात आपल्या माजघरात येऊन बसा म्हणावं." पण शनिवारी बायकांची वेळ असते, आणि शुभानं विचारल्यावर ती चक्क तयार झाली. बाकीच्या अंगावर काही न घालता, आई परकर छातीशी बांधून, नदीवर अंघोळीला गेल्यासारखी, खालच्या पायरीवर. आजी शेजारी. शुभा वरच्या पायरीवर. सॉनात चर्चमध्ये वागावं तसं वागायचं, अशी इथली म्हण आहे. गप्प बसायचं. तापल्या दगडांवर पाणी टाकलं की वाफ अंगावर येते आणि बाकी काही नाही. पूर्वी बाळंतपणं सॉनातच व्हायची आणि मेलेल्याला शेवटची अंघोळही तिथेच घालायचे. दारू, डांबर आणि सॉना यांनी जे बरं होत नाही ते मरणाचं दुखणं, असं जुने लोक म्हणत. शुभानं आईला यातलं अंघोळीचं तेवढं सांगितलं.

झालं. आई सुरू. शुभा सांगते, मराठीतून, आजींकडे बघून, पहिल्यापासून: सकाळी चहा घेतला, पेपर वाचला. पण या वेळी वेगळं. आपल्याकडे ती दवाखान्यापर्यंत सांगायची आणि थांबायची. काल तिनं आधीचं सांगितलं. लग्नानंतरचं, महाल भागातल्या त्या खोलीचं, बाबा तिच्याशी भांडले होते ते, नंतर न सांगता कसे संत्र्यांची पेटी घेऊन आले ते. आजींना एक अक्षर कळत नव्हतं. त्या दगडांवर पाणी घालत होत्या आणि मधूनमधून श्वास आत ओढून 'यो' म्हणत होत्या. शुभाला शेवटी गरगरायला लागलं, ती बाहेर आली. त्या दोघी आतच.

मला तर त्या पेटीचं आयुष्यात कोणी सांगितलं नाही!

त्या आजी मुळात कारेलियाच्या. १९४४ मध्ये तो मुलूख कायमचा रशियाकडे गेला. युद्धाच्या त्या वर्षांत चार लाखांवर माणसं उठून इकडे आली, त्यांत या आजी त्यांच्या आईच्या कडेवर. कारेलियाची माणसं बोलकी आणि हसरी, असं इथे सगळे म्हणतात, आणि आमच्या हामे भागातली मंद. आजी तर कधी चार शब्द बोलल्या नाहीत. पण त्यांच्याकडच्या बायका कोणी गेलं की रडगाणी म्हणायच्या, सूर लावून, मेलेल्याशी बोलत. आजींच्या आजी म्हणत असत म्हणे. हे आजींनी शुभाला काल सॉनातून बाहेर आल्यावर सांगितलं, तीही चार वाक्यांत. आई त्यांच्यासमोर ते बोलली, माझ्यासमोर नाही. मी मुलगा आहे तिचा, मला भाषा कळते. की कळते म्हणूनच नाही? आज सकाळी मुद्दाम तिच्याजवळ जाऊन बसलो. एक चकार शब्द विचारला नाही. अर्धा तास. मग ती म्हणाली, "तुला ऑफिस नाही का रे?" रविवारी!

शुभा म्हणते, सोड, तिला आता बरं वाटतंय. मला खात्री नाही. म्हणून तुला लिहितोय, कारण अबोल्यातला तज्ज्ञ आपल्यात तूच. लुनाच्या भानगडीनंतर तू वर्षभर माझ्याशी बोलला नव्हतास (ब्रेक आधीपासूनच खराब होता, हे मी अजूनही म्हणतो), आणि त्या वर्षभरात रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसत होतास. तेव्हा तुझं डोकं ठिकाणावर होतं की नव्हतं? खरं सांग. आणि एक. तेराव्यानंतर मी निघालो, तू जात राहिलास. ती तेव्हा तुझ्याशी बोलायची का? तू आलास की थांबायची का? तू एवढ्या वर्षांत मला यातलं काही सांगितलं नाहीस, पण आता सांग. फोन नको, लिही. चार ओळी चालतील.

व्हिसा तीन महिन्यांचाच आहे. एप्रिलच्या मध्यात तिला यावंच लागेल. आईवडिलांना कायमचं ठेवून घ्यायची परवानगी इथे जवळजवळ मिळतच नाही, आणि तिनं ती मागितलेलीही नाही. पण परवा विचारत होती, पुढच्या वर्षी सॉना शनिवारीच असतो का. ती पोचली की गल्ली जमेल. आधी फिनलंड कसं, मग पुन्हा कसं झालं, तुम्हाला एकटं वाटत असेल ना. पहिले दोन दिवस तू आधी जाऊन बस. कोणी आलं की दुकानातल्यासारखा चेहरा कर, लोक आपोआप निघतात. गीताला सांग, डबा पाठवू नको म्हणावं. आईला स्वयंपाक करायचा असेल तर करू दे.

पिंकीच्या बारावीचं कळलं. घाबरवू नकोस तिला, तू स्वतः गणितात काय दिवे लावलेस ते मी सांगेन. दुकानाचा माळा झाला का? आणि इथे मुस्तामक्कारा म्हणून रक्ताचा काळा सॉसेज मिळतो, आंबटगोड लाल बोरांच्या जॅमबरोबर. सावजीवाल्या माणसाला चालेल, पण तिखट म्हणून शून्य.

आई यायच्या आत कूलरच्या ताट्या बदलून ठेव आणि मोटर एकदा चालवून बघ. पैसे पाठवतोय. मागच्या वेळेसारखे परत पाठवशील तर बघ.

तुझा,
बंड्या