क्रीडामंत्री महोदय, डोक्याला मार बसलेल्या पोराला मैदानाबाहेर कोण काढणार?

माननीय क्रीडामंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार. आपल्या व्यापातून पाच मिनिटं मागते. माझा मुलगा अकरावीत आहे. रायगड जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या संघातून कबड्डी खेळतो, उजवा कोपरा. सध्या आतल्या खोलीत पडदे ओढून पडलाय. उजेड सोसत नाही, पुस्तकाची ओळ सरळ दिसत नाही.

उपांत्य सामन्यात मांडीची पकड करताना चढाईवाल्याचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. उठला, माती झटकली आणि कप्तानाला पुन्हा पुन्हा विचारत राहिला, "लोण कुणावर चढला?" म्हणजे अख्खा संघ बाद कुणाचा झाला. पोरं हसली. तोंडावर पाणी मारलं, सामना पुढे सुरू. रात्री उलट्या. तालुक्याला नेऊन स्कॅन केला, तो नॉर्मल आला आणि प्रशिक्षकांनी तोच कागद फिटनेस सर्टिफिकेट मानला. स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, हाड मोडलेलं दिसतं. मेंदू हादरलेला दिसत नाही. हे मला नंतर कळलं, मेंदूच्या डॉक्टरांकडून.

चार दिवसांनी अंतिम सामना. खेळवला. साधा डॅश होता हो, चढाईवाल्याला धक्का देऊन बाहेर ढकलायचं, एरवी हसत उठला असता. या वेळी उठला नाही. रिक्षातून नेला. गेल्या वर्षी उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी माईकवरून शब्द दिला होता, "पुढल्या वर्षी अँब्युलन्स माझ्याकडून." अँब्युलन्स आली नाही, बॅनर आला. त्यावर पाहुणे चांगले माणसाएवढे.

पहिली इजा भरून यायच्या आत दुसरा मार बसला तर मेंदू झपाट्याने सुजू शकतो. दुर्मिळ, पण जीवघेणं, आणि यात जातात ती बहुतेक कोवळी पोरंच. अमेरिकेत २००६ साली १३ वर्षांचा झॅकरी लिस्टेड डोक्याला मार लागूनही त्याच अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात परत उतरला आणि जन्माचा अधू झाला. त्याच्याच वॉशिंग्टन राज्याने मग २००९ साली कायदा केला: संशय आला की बाहेर, आणि डॉक्टरच्या लेखी परवानगीशिवाय आत नाही. लांब कशाला, पुण्याजवळच्या आपल्या गहुंज्याचं क्रिकेटचं मैदान बघा. जानेवारी २०२५ मध्ये शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू लागला, बदली हर्षित राणा आला, आणि बदली त्याच्यासारखाच खेळणारा होता का यावर देश आठवडाभर भांडला. डोक्याला मार बसलेल्याच्या जागी बदली उतरवायला क्रिकेटला २०१९ साली वेगळा नियम करावा लागला. कबड्डीत सात जण आत असतात आणि राखीव पोरं बाजूला बसूनच असतात. मग अडतं कुठे?

मागते एवढंच. डोक्याला मार बसला की त्या दिवशी खेळ बंद. आधी एक-दोन दिवस विश्रांती, मग चालणं, हलका व्यायाम, धक्का न लागणारा सराव; पायरीला किमान २४ तास, त्रास पुन्हा सुरू झाला की थांबायचं. पकडीचा सराव डॉक्टरने लिहून दिल्यावरच. आणि पंचाला खेळाडू बाहेर काढायचा हक्क. याला बालेवाडीसारखं संकुल बांधावं लागत नाही. एक परिपत्रक लागतं, जे आपलं खातं एरवी फार हौसेने काढतं.

गावोगावच्या बहुतेक स्पर्धांत डॉक्टर नसतो. खोटं वाटत असेल तर मोजून दाखवा. डीजे मात्र शंभरातल्या शंभर ठिकाणी! पोर "डोकं दुखतंय" का सांगत नाही, ठाऊक आहे? बारावीचे सवलतीचे गुण, नोकरीतलं ५ टक्के आरक्षण, सगळं खेळाच्या प्रमाणपत्रावर. बोगस प्रमाणपत्रांवर लोक नोकरीला लागल्याच्या बातम्या आपणही वाचल्या असतील. खऱ्याने डोकं फोडून घ्यायचं आणि खोट्याने खुर्चीत बसायचं, वर पोराला म्हणायचं, "मर्दानी खेळ आहे, एवढं चालायचंच." चालणार कुणाचं? बक्षीस वाटणाऱ्यांचं?

दिवाळीनंतर पुन्हा मैदानं आखली जातील. परिपत्रक त्याआधी काढा. आणि मला उत्तर पाठवणार असाल तर "आपले पत्र योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठविण्यात आले आहे" हे सोडून काहीही पाठवा.

आपली,
एका कोपरारक्षकाची आई
अलिबाग तालुका, जि. रायगड