ट्रक सजवा, पण सायलेन्सरला हात लावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हातखंब्याच्या तिठ्याजवळ मी ट्रक रंगवायचं काम करतो. रत्नागिरीहून कोल्हापूरकडे जाणारा रस्ता इथेच मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो, त्यामुळे गिऱ्हाईक घाटावरचंही येतं आणि तळकोकणातलंही. फाळक्यावर कमळ, केबिनच्या कपाळावर कुलदैवताचं नाव, हौद्याच्या फळ्यांवर वेलबुट्टी, हे माझं रोजचं. गाडी नटवण्याच्या विरोधात मी कधीच बोलणार नाही. ज्याचं पोट गाडीवर, त्याने ती नवरीसारखी मिरवावी.

हल्ली मात्र तरुण मालक मोबाईलवर अमेरिकेतल्या ट्रकचे फोटो घेऊन येतात. लांब नाकाचा पीटरबिल्ट नाहीतर केनवर्थ, केबिनमागे दोन्ही अंगांना आठ इंची चकचकीत धुराडी, टोकं तिरपी कापलेली. रंग मी देतो. धुराड्यासाठी ते फॅब्रिकेशनवाल्याकडे जातात आणि तो सायलेन्सर कापून पाइप उभा करून देतो.

त्या गाड्या देखण्या आहेत, मलाही आवडतात. पण तिथे पुढची ओढणारी गाडी वेगळी, माल मागच्या ट्रेलरमध्ये आणि दोघांच्या मधे मोकळी जागा. आपल्या दहाचाकीचा हौदा केबिनला जवळपास खेटूनच असतो. एप्रिलमध्ये त्यात आंब्याच्या पेट्या, पेट्यांत भाताचा पेंढा, वर ताडपत्री. आंबा घाटाच्या चढाला इंजिनावर लोड आला की पाइप सणसणून तापतो. मागच्या हंगामात रंगाला आलेल्या एका गाडीच्या ताडपत्रीचा कोपरा वितळून पाइपावर काळ्या पापुद्र्यासारखा चिकटला होता. मी तो पत्र्याने खरवडून काढला. त्याच्या हातभर खाली पेंढ्याच्या काड्या अडकलेल्या होत्या. मालकाला बोलावून दाखवलं, तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

बीएस-6, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांच्या, गाड्यांचं तर आणखी अवघड. एप्रिल 2020 पासून आलेल्या या गाड्यांत सायलेन्सर म्हणजे नुसता आवाज दाबणारा डबा राहिलेला नाही. काजळी अडवणारा फिल्टर आणि युरियाच्या द्रावणाने विषारी वायू मारणारी यंत्रणा त्यातच असते. डबा कापला की सेन्सर बोंबलतात, गाडी चढाला दम टाकते आणि धूर वस्तीत जातो. पाली, लांजा इथे रस्त्यालगत शाळेची मुलं चालतात.

शिवाय आमची हवा खारी. स्वस्तातल्या लोखंडी पाइपावरचं क्रोम एका पावसाळ्यात फोड येऊन सुटतं आणि खालून तांबेरा फुटतो. तोंडावर झडप नसेल तर आपल्याकडचा पाऊस थेट पाइपात उतरतो. तेच पैसे बॉडीच्या कोपऱ्यांतला गंज घासून काढायला, चांगला रेड ऑक्साइड मारायला घाला. मासळीच्या गाड्यांचं खारं पाणी फळ्यांच्या सांध्यात मुरतं, तिथे प्राइमरचे दोन हात हवेतच. आणि रेडियम पट्टी नियमाप्रमाणे लावा: मागे लाल, बाजूंना पिवळी, पुढे पांढरी. कितीतरी मालक नक्षी झाकली जाते म्हणून ती लावूच देत नाहीत. धुक्यात, पावसात बंद पडलेली गाडी मागच्याला त्या पट्टीमुळेच दिसते. पट्टी सोडून नक्षी कशी बसवायची ते आम्हाला येतं, सांगून तर बघा.

2015 मध्ये राज्याच्या परिवहन विभागाने गाडीमागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला बंदी केली. तेव्हापासून मी ते लिहीत नाही, गिऱ्हाईक रुसलं तरी. मोटार वाहन कायद्यातली 2019 ची दुरुस्ती तर स्पष्ट आहे: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. तरीही कापलेल्या सायलेन्सरच्या गाड्या राजरोस फिरतात. पासिंगच्या, म्हणजे आरटीओच्या तपासणीच्या, आदल्या दिवशी जुना डबा बसवायचा, पासिंग झालं की पुन्हा काढायचा, हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे.

आरटीओ अधिकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की ही तपासणी पासिंगच्या आवारापुरती ठेवू नका. आंब्याच्या हंगामात साखरप्याला, घाट चढण्याआधी, गाड्या थांबवून पाइप बघा. मालकाबरोबर कापून देणाऱ्या गॅरेजलाही जाब विचारा. आणि रंगवलेली गाडी दिसली म्हणून ड्रायव्हरला उगाच अडवू नका.

आपला,
एक ट्रक पेंटर, हातखंबा (जि. रत्नागिरी)