टाकी गळते की घामेजते?

आचरा,
श्रावण

प्रिय दिन्या,

परवा संध्याकाळी माशांसाठी बांधलेल्या लाकडी टाकीच्या मागच्या डाव्या कोपऱ्यावर पेराने टकटक केलं आणि आवाज बद्द आला. बाकी सगळी पाठ खणखणीत वाजते, तेवढाच वीतभर तुकडा बद्द. अण्णांच्या शेवटच्या होडीला यायचा तसा. घरात सांगून काय उपयोग? हिला वाटतं मी उगाच लाकडाला कान लावून बसतो. हा फरक कळणारा आता तूच एक उरलास, म्हणून लिहायला बसलो. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस.

इकडे सर्व ठीक. आईचा गुडघा आहे तसाच, माझी साखर ताब्यात आहे.

तर टाकी. 8 फूट लांब, 3 फूट रुंद, अडीच फूट उंच, म्हणजे प्लायच्या 8 फुटी शीटची लांबी कापावी लागली नाही. प्लाय मरीन, 19 मिमीचा, आयएस 710 चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का बघून घेतलेला. पुढे 12 मिमीची काच, आतल्या बाजूने चौकटीला टेकवलेली, म्हणजे पाणीच तिला दाबून धरतं. गेल्या गणपतीत आरती संपल्या संपल्या तू जे भांडलास ते मी विसरलेलो नाही. म्हणे, लाकडाचं आणि पाण्याचं कधी जमलंय का, सरळ काचेची कर! होडीवाल्याच्या पोराने हे म्हणावं? एवढी अख्खी काचेची टाकी घाटरस्त्याने आणून आपल्या पाणंदीतून आत घ्यायला कोण येणार होतं, तू? आणि लांबीला तू उगाच घाबरत होतास. तळाचा दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो, टाकी 4 फुटी असो नाहीतर 40 फुटी. लांबीबरोबर वाढतो तो एकूण रेटा. सवादोन फूट पाणी भरलं की पुढच्या बाजूवर साडेपाचशे किलोंच्या वर जातो. त्यासाठीच वरच्या कडेला सगळीकडून पट्टी आणि मधोमध एक आडवी. भरल्यावर सुतळी ताणून पाहिली, पोट सुटलेलं नाही. तेवढ्यात तू हरलास, कबूल कर.

आतलं काम सगळं वैशाखात उरकलं, मिरगाच्या आधी. पाणी आत शिरू नये म्हणून लाकडाला लावतात त्या इपॉक्सी रसायनावर पावसाळी हवेत मेणासारखा चिकट थर धरतो, तो धुऊन घासल्याशिवाय पुढचा हात बसत नाही. उन्हाळ्यात वेगळीच गंमत. भांड्यात साठवून ठेवलं की रसायन स्वतःच तापतं आणि बघता बघता दगड होतं, म्हणून थोडं थोडं कालवून पसरट परातीत ओतायचं. आणि लावायचं ते ऊन उतरल्यावर. सकाळी लावलं तर लाकूड तापत जातं, आतली हवा बाहेर येते आणि थरात सुईच्या टोकाएवढी भोकं राहतात. संध्याकाळी लाकूड निवत असतं, ते रसायन आत ओढून घेतं. अण्णा रंगसुद्धा नेहमी चार वाजल्यानंतरच काढायचे आणि आपल्याला वाटायचं, दुपारची झोप मोडायला नको म्हणून! सगळे कोपरे भुसा कालवलेल्या लांबीने, म्हणजे पुट्टीने, गोलवले, त्यावर काचकापड, मग वरून हात. बंदरावर होड्यांना फायबर करतो तो आपला फायबरवाला दोन दिवस मदतीला होता. त्याने पैसे घेतले नाहीत, तुझी चौकशी मात्र दहादा केली.

आता मूळ दुखणं. आषाढात विहिरीच्या पाण्याने भरली, सुमारे दीड हजार लिटर. म्हणजे दीड टन वजन, म्हणून माडी सोडून ओटीवरच घेतली, खाली जांभ्याच्या चिऱ्यांचा कट्टा. पहिले दिवस झकास. मग एका सकाळी तो कोपरा बाहेरून दमट लागला. पुसला. दुपारी कोरडा, दुसऱ्या सकाळी परत दमट. ओघळ नाही, थेंब नाही, नुसता काळसर डाग.

आई म्हणाली, "तेका घाम इलोहा रे, ती गळना नाय." मलाही तसंच वाटलं. रात्रभर पावसात पाणी गार होतं, सकाळी दमट हवा लागली की घाम यायचाच. पण दिन्या, घाम आधी काचेला यायला हवा ना? काच पातळ, पाण्याचा गारवा लगेच बाहेर आणते, प्लाय जाड. काही सकाळी काच घामेजलेली असते तेव्हा जिवात जीव येतो. काही सकाळी काच लख्ख कोरडी आणि कोपरा ओला.

तिसरा संशय चिऱ्यावर. जांभा जमिनीतली ओल वर ओढतो हे तुला सांगायला नको, तुमच्या पडवीची भिंत बघितलीय मी. मध्ये रबराची शीट घातली आहे, पण कडेकडेने ओल चढत असेल तर?

मग मीठ घातलं. टाकी ज्या माशासाठी केली त्या कालुंदराला मचूळ पाणी मानवतं, तेव्हा ते घालायचं होतंच. लिटरला 10 ग्रॅम, 15 किलो जाडं मीठ. आईने कपाळावर हात मारला, एवढ्यात साऱ्या वाडीची लोणची झाली असती म्हणे. माझा हिशेब असा की गळत असेल तर डाग वाळल्यावर पांढरी कड उमटेल. उमटली नाही. चाटून पाहिलं, किंचित खारट लागलं. पण आपल्या गावात समुद्राकडच्या खिडकीचा गज चाटला तरी खारट लागतो, ते कसं धरायचं? शेजारी त्याच पाण्याची बादली ठेवली आणि दोन्हीकडे पेन्सिलीने रेघ मारली, वाफ होऊन जाणारं पाणी वजा करता यावं म्हणून. दोन्ही रेघा सारख्याच उतरल्या. यानेही झोप लागत नाही, कारण टाकीचं तोंड एवढं मोठं की 1 मिलिमीटर पाणी उतरलं तर 2 लिटरच्या वर जातं, आणि प्लायला सडायला पावशेरही पुरतं. काचेची टाकी गळली तर निदान बोंब मारते, जमीन ओली होते, माणूस धावतो. प्लाय गुपचूप पितो. थराथरांत पाणी शिरतं, लाकूड आतून कुजतं, बाहेरून रंग तसाच तकतकीत. आणि एक दिवस दीड टन पाणी ओटीवर. पलीकडे आईची खोली आहे.

आता पेच बघ. कोपरा उघडायचा तर टाकी रिकामी करायची, थर घासून काढायचा, लाकूड सुकवायचं आणि परत हात मारायचे. या हवेत लाकूड सुकणार कसं? उघडं प्लाय श्रावणात ठेवलं तर नसलेली ओल मीच आत घालीन. दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेपर्यंत थांबलो आणि खरंच गळती असली, तर तोवर कोपरा गेला. फायबरवाला म्हणतो, थांब. सुतार म्हणतो, आजच खोल. तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे, "काचेची कर." ते सोडून बोल.

मासे तयार आहेत, हा आणखी एक घोर. रापणवाल्याने कालावलच्या खाडीतली कालुंदरं माझ्यासाठी पिंपात ठेवलीत, तळहाताएवढी, दोघांची तर जोडी जमल्यासारखी दिसते. मी गेलो की कडेला येतात. अंगावरचे मोत्यासारखे ठिपके पाण्यात हिरवट दिसतात, आणि धाकट्याने कल्ले उघडले की मागची लालसर झाक क्षणभर दिसते. पिंपात किती दिवस ठेवू? धक्क्याच्या पायरीखाली आपण पाहिलेली जोडी आठवते? दगडावर अंडी, आणि नर-मादी दोघं आळीपाळीने परांनी वारा घालतायत. अण्णांनी पाग, म्हणजे फेकायचं जाळं, उचललेला होता, तसाच खांद्यावर घेतला आणि पलीकडे गेले. मला ते घरात बघायचंय, पिल्लांचा थवा घेऊन फिरणारे आईबाप, माझ्या ओटीवर. तळून खाणारे गावभर आहेत, मीही खातो, पण त्यांचा संसार पाहिलेला माणूस शोधून सापडत नाही. केरळने 2010 सालीच आपल्या करीमीनला राज्यमासा केलं, तेच आपलं कालुंदर. आपल्याकडे 2023 साली मान मिळाला पापलेटला. पापलेटावर माझा राग नाही. पण खाडीकडे कोणी बघायचं?

पाग कोणी हरवला हा विषय इथे काढू नकोस. तूच हरवलास.

पोरीचा बारावीचा निकाल वहिनीने कळवला, फार आनंद झाला. तिला सांग, काका खूश आहे, आणि तिला हवा तोच कोर्स घेऊ दे, तुझं इंजिनियरिंगचं तुणतुणं बंद कर. बदलीचं काय झालं? बीपीची गोळी चुकवू नकोस. पुण्यातल्या जागेचं भेटीत बोलू.

आता काम. कोपऱ्यावर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून ठेवला आहे. दमटपणा प्लॅस्टिकच्या बाहेरून आला तर हवेचा, आतून आला तर लाकडाचा. कालची सकाळ दोन्हीकडे कोरडी गेली, पण काल पाऊसही नव्हता. हा तुकडा तू येईपर्यंत काढत नाही. माझ्या कानावर माझा विश्वास आहे, पण या एका कोपऱ्यासाठी मला तुझा कान हवा आहे. अण्णा दोन्ही बाजूंनी वाजवून बघायचे आणि तू बाजूला बसून न बघता सांगायचास, ओलं की सुकं. एकदाही चुकला नाहीस, हे मी तेव्हा कधी बोललो नाही.

तेव्हा गणपतीच्या आदल्या दिवशी नको, दोन दिवस आधी ये. तुतारी एक्स्प्रेसचं तिकीट नसेल तर एसटीने ये, पण ये. येताना सुतार लोक वापरतात ते लाकडातली ओल मोजायचं पिनांचं मीटर आण, पुण्यात सहज मिळेल. अमोनिया आणि नायट्राइट तपासायचं किटही आण, मासे सोडायच्या आधी फिल्टर पिकायला, म्हणजे त्यात माशांची घाण पचवणारे जिवाणू वाढायला, महिना-सव्वा महिना जाईल, तेव्हा लागेल. पैसे मी देईन, वाद घालू नकोस. ओलं निघालं तर चवथ पार पडली की दोघं मिळून कोपरा उघडू, ओटीला ताडपत्री लावून दिवे सोडू आणि लाकूड सुकवू. सुकं निघालं तर फिल्टर पिकला की पिंप आणायला तूच माझ्याबरोबर चल. कणकवलीला उतरायच्या आधी फोन कर, मी गाडी घेऊन येतो.

तुझा,
बाबू